संसर्गजन्य रोग शिकवताना या चुका टाळा

नववी-दहावीच्या वर्गात ‘डेंग्यू कशामुळे होतो?’ असे विचारले की बहुतेक हात वर जातात आणि उत्तर येते, ‘घाणीमुळे.’ नाशिकमध्ये विज्ञान शिकवताना मी हे उत्तर दरवर्षी ऐकतो, आणि त्यात मुलांपेक्षा आम्हा शिक्षकांचाच दोष अधिक आहे, असे माझे मत झाले आहे. रोगाचे नाव, जंतूचे नाव, लक्षणे आणि उपाय असा चार रकान्यांचा तक्ता आपण फळ्यावर काढतो, मुले तो वहीत उतरवून परीक्षेत जोड्या लावतात; मात्र जंतू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेमका कोणत्या वाटेने गेला, हा प्रश्न वर्गात विचारलाच जात नाही. पुढच्या बहुतेक चुका याच चुकीतून निघतात.

डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते आणि मुख्यतः दिवसा चावते. ज्याच्या मनात ‘घाण’ हे उत्तर पक्के बसले आहे, तो मुलगा गटाराकडे पाहील. गच्चीवरचे पिंप, कुंडीखालची बशी आणि फ्रिजमागचा ट्रे त्याच्या नजरेतून सुटतील. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, म्हणजे साठवलेल्या पाण्याची सर्व भांडी रिकामी करावीत, हे आपण सांगतो, पण त्यामागचे कारण सांगत नाही. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवड्याची मुदत. आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, म्हणून पाणी नुसते ओतून न देता भांडे आतून घासायचे. ही दोन कारणे कळली की मुले घरच्यांनाही ती पटवून देतात. घरी पाहणी करायला सांगितल्यावर मात्र अळ्या कोणाच्या घरी सापडल्या, हे वर्गात विचारू नये. कोणत्या प्रकारच्या भांड्यात सापडल्या, एवढेच चिठ्ठीवर बिननावाने लिहून घ्यावे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. क्षयरोग शिकवताना एकदा मी सहज विचारले की, कोणाच्या घरी हा आजार झाला होता का? एका मुलीने मान खाली घातली आणि शेजारची मैत्रीण बाकावर किंचित सरकून बसली. त्या दिवशी मी तक्त्यातला एक शब्दही चुकीचा सांगितला नव्हता, तरी धडा चुकला होता. क्षयरोग हवेतून पसरतो, ताट-वाट्यांतून नाही; जंतू शरीरात गेलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही; आणि नियमित उपचारांनी रुग्ण बरा होतो. या तीन गोष्टी आजाराच्या लक्षणांआधी सांगायला हव्या होत्या.

जीवाणू आणि विषाणू यांना सरसकट ‘जंतू’ म्हणून पुढे जाणेही महागात पडते. प्रतिजैविके विषाणूंवर काम करत नाहीत, हे न कळलेला विद्यार्थी पुढे साध्या सर्दीतही घरात उरलेल्या गोळ्या घेतो.

संसर्ग कसा वाढतो, हे दाखवणारा प्रयोग अनेक शाळांत फसतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. 40 मुलांना पेल्यात साधे पाणी द्यायचे. एकाच पेल्यात, त्या मुलालाही न सांगता, धुण्याच्या सोड्याचे द्रावण ठेवायचे. प्रत्येकाने तीन वेळा वेगवेगळ्या सोबत्याशी पाणी एकत्र करून निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे आणि शेवटी पेल्यात फिनॉल्फ्थॅलिन (सोड्यासारख्या अल्कधर्मी द्रावणात गुलाबी होणारे दर्शक) टाकायचे; गुलाबी पेला म्हणजे संसर्ग झालेला. एकापासून जास्तीत जास्त 8 पेले गुलाबी होतात. रंग दिसलाच नाही, तर द्रावण पातळ झाले असे समजावे. आठपट पातळ केलेले द्रावण आदल्या दिवशी तपासावे आणि नळाचे पाणीही तपासून घ्यावे, कारण काही पाणी मुळातच अल्कधर्मी असते. पाणी कोणीही पिऊ नये, हे आधीच बजावावे. कोणाशी कधी देवाणघेवाण झाली, याची नोंद फेरीगणिक ठेवली नाही, तर उगम शोधता येत नाही. नोंद ठेवूनही पहिल्या फेरीतील जोडीपैकी मूळ पेला कोणाचा, हे ठरवता येत नाही. मुले तेव्हा ‘प्रयोग चुकला’ म्हणतात. तो चुकलेला नसतो. साथीचा माग काढणाऱ्यांपुढेही हीच अडचण असते, हे तिथेच थांबून सांगावे.

परीक्षेतला प्रश्नही बदलायला हवा. ‘पटकीची (कॉलऱ्याची) लक्षणे लिहा’ याऐवजी मी आता विचारतो: 2026-27 च्या सिंहस्थात गोदावरीकाठच्या गंगाघाटावर आलेल्या यात्रेकरूंमध्ये पटकीचा एक रुग्ण आढळला, तर पिण्याचे पाणी, शौचालये आणि अन्न यांपैकी तुम्ही सर्वांत आधी काय तपासाल आणि का? क्रम कोणताही लिहिला, तरी जंतूची वाट विष्ठेपासून तोंडापर्यंत नीट दाखवणाऱ्या उत्तराला मी पूर्ण गुण देतो.