वडिलांची रॅले खोलताना

माझे वडील जत तालुक्यात देवी डॉक्टर, म्हणजे देवीची लस टोचणारे, होते. लशीची पेटी कॅरिअरला बांधून वाड्यावस्त्यांवर फिरायचे, ते याच सायकलवर. आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली काळी, २४ इंची फ्रेम, दांड्यांचे ब्रेक. ते गेल्यावर बारा वर्षं ती मिरजेच्या घराच्या बोळात भिंतीला टेकून होती. गेल्या दिवाळीनंतर मी ती खोलली. त्याआधी मला फक्त पंक्चर काढता येत होतं. जुनी सायकल पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आधी कळकळीची विनंती: रंग काढू नका. चुलत्यांची सायकल आम्ही एका ठिकाणी पावडर कोटिंगला दिली होती. तिथे वाळूच्या माऱ्यात हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा गेल्या आणि पुढचा पितळी बिल्लाही हरवला. परत आलेली सायकल चकचकीत होती, पण ती चुलत्यांची वाटेना. वडिलांच्या सायकलच्या आडव्या दांडीवर दोन ओरखडे आहेत, लहान मुलाची सीट आवळल्याचे. त्या सीटवर मी बसायचे. नवा रंग दिला असता तर ते त्याखाली गेले असते.

रंग नुसता स्वच्छ करायचा. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि जुना मऊ बनियन. रेघांवर आणि अक्षरांवर याशिवाय काही नको, घासणंही नको. वाळल्यावर गाडीचं वॅक्स लावलं की काळ्याला खोली येते. हँडल आणि रिमवरच्या गंजाला स्वयंपाकघरातली फॉइल घ्या. तिचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवत राहा. तपकिरी चिखल निघतो, खालून क्रोम वर येतं. जिथे क्रोमच उडालंय तिथे पुसून तेलाचा हात द्या आणि सोडून द्या.

खोलताना प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत वेगवेगळे ठेवा, झाकणावर नाव लिहून. पायडल काढताना नवशिका हमखास अडतो, कारण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सोपी खूण अशी: पान्हा पायडलच्या वर उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंना असंच सुटतं.

आता कॉटर पिन. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, मधल्या एक्सलवर धरून ठेवणारी ही तिरकी खिळी. माझे तीन दिवस हिनेच खाल्ले. रोज रात्री थेंब थेंब तेल सोडायचं. चौथ्या दिवशी नट एवढाच सैल केला की त्याचं तोंड पिनच्या टोकाशी बरोबर आलं, म्हणजे घाव आट्यांवर बसत नाही. मी हळूहळू ठोकायला लागले तेवढ्यात स्टेशनजवळचे सायकलवाले चाचा पाहत होते ते म्हणाले, "ताई, अशाने डोकं पसरेल. खाली पाइप लावा, मोठा हातोडा घ्या आणि एकच द्या, पण पुरता." जाड लोखंडी पाइपचा तुकडा क्रँकखाली उभा केला, पिनचं दुसरं टोक पाइपच्या पोकळीत येईल असा. पाइप जमिनीवर टेकलेला हवा, नाहीतर सगळा घाव बॉटमच्या, म्हणजे क्रँकचा एक्सल फिरतो त्या नळीतल्या, छर्ऱ्यांवर जातो. एका घावात पिन सुटली. जुन्या पिना परत बसवू नका, नव्या अगदी स्वस्त असतात. त्यांची सपाट बाजू नीट बसली नाही तर कानशीने थोडी थोडी घासा. बसवताना दोन पिना एकमेकींच्या उलट दिशेने जायला हव्यात. तसं नसलं तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत.

बॉटममध्ये डावीकडची लॉक रिंग आणि कप (छर्रे बसतात ती वाटी) काढा. उजवा कप जागेवरच राहू दे, आतून पुसून घ्या. त्याचेही आटे उलटे असतात, आणि तो उगाच काढायला गेलं की खराब होतो. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या जुन्या अस्सल रॅलेत इंचाला बहुधा २६ आटे असतात, बाकी इंग्लिश धाटणीच्या सायकलींत २४. म्हणून जुना कप टाकून देऊ नका, दुकानातला बसेलच असं नाही.

छर्रे मात्र सगळे नवे घाला. माझ्या सायकलला बॉटममध्ये दोन्हीकडे दोन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अकरा-अकरा, मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, दोन सुती नऊ-नऊ, पुढच्यात दीड सुती दहा-दहा लागले. तुमचे जुने मोजूनच दुकानात जा. रॉकेल मिळालं नाही, मी कप आणि कोन (एक्सलवरचे शंकूसारखे नट, छर्रे यांवर फिरतात) डिझेलने धुतले. कोनावर नखाला लागेल असा खड्डा असेल तर कोनही बदला. ग्रीस भरून छर्रे बसवले की कोन इतकाच आवळायचा की चाकाचा खेळ जाईल, पण चाक अडणार नाही. चाक जमिनीवरून उचलून हलकेच फिरवून सोडलं की हेलकावे खात थांबायला हवं. खरखर करत मधेच अडलं तर कोन जास्त आवळलाय.

टायर २८ दीडचे, अजून सहज मिळतात. दांड्यांच्या ब्रेकचं रबर रिमच्या आतल्या पृष्ठभागाला लागतं, म्हणून आधी चाकाचा आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढून घ्या. ते काम मी चाचांकडूनच करून घेतलं, स्पोकांचा अंदाज महिन्याभरात येत नाही. पावसात हे ब्रेक फार कमी धरतात, उतारावर जपा. सीटचं कातडं तेलात बुडवू नका, झोळी होते. कातड्याचं मेण वरून पातळ चोळा.

पहिली फेरी पाच किलोमीटरपेक्षा मोठी नको. घरी आल्यावर दोन्ही कॉटर पिनांचे नट पुन्हा आवळा. माझा उजवीकडचा अर्धा फेरा फिरला, आणि पायडल मारताना येणारी टकटक गेली.