हार्ड डिस्क पुसून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने कशी टाकावी

कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला की ‘एकदा फॉरमॅट मारून टाक’ असा सल्ला कुणी ना कुणी देतंच. सल्ला तसा वाईट नाही. नको असलेली सॉफ्टवेअर, अर्धवट काढलेला अँटिव्हायरस, ब्राउझरमध्ये आपोआप उगवलेले टूलबार, सगळंच एका फटक्यात जातं. पण डिस्क रिकामी करायला पाच मिनिटं पुरतात. खरं काम त्याच्या आधीचं असतं आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं. म्हणून इथेही तयारीवरच जास्त लिहिलं आहे. पायऱ्या विंडोज ११ च्या आहेत, मॅक आणि लिनक्सचं थोडक्यात शेवटाकडे.

फॉरमॅटची खरंच गरज आहे का?

मशीन हळू चालण्याचं कारण कधी कधी डिस्कच असते. जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाइल कॉपी करताना मध्येच सगळं गोठत असेल, तर नव्याने विंडोज टाकून काही सुधारणार नाही. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. तिथे ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर आधी डेटा बाहेर काढा आणि फॉरमॅटच्या भानगडीत न पडता डिस्कच बदला. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) बसवली तर जुन्या मशीनला जो वेग येतो, तो कितीही वेळा फॉरमॅट मारून येत नाही.

डिस्क ठणठणीत आहे आणि विंडोज सुरू होतंय, तर पेन ड्राइव्ह न बनवताही काम होतं. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’, मग ‘रिकव्हरी’, तिथे ‘रीसेट धिस पीसी’. त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा. पुढे ‘क्लाउड डाउनलोड’ घेतलं तर साधारण ४ जीबी डेटा खर्च होतो, पण विंडोजच्या ताज्या फाइली मिळतात. ‘लोकल रीइन्स्टॉल’ मशीनवरच्याच फाइली वापरतं, त्यामुळे त्या बिघडलेल्या असतील तर बिघाड तसाच राहू शकतो. व्हायरसचा संशय असेल, विंडोज सुरूच होत नसेल किंवा डिस्क नवी असेल, तर मात्र पेन ड्राइव्हचाच रस्ता धरा.

बॅकअप: ‘कॉपी झाली’ यावर विश्वास ठेवू नका

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे चार फोल्डर सगळ्यांना आठवतात. बाकीच्या गोष्टी फॉरमॅटनंतर आठवतात. हिशेबाची बरीच जुनी सॉफ्टवेअर आपला डेटा थेट सी ड्राइव्हवर स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतात. आउटलुकमध्ये मेल उतरवून घेत असाल तर पीएसटी फाइल शोधा. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड अकाउंटशी सिंक होत आहेत ना, हे दुसऱ्या मशीनवर किंवा फोनवर उघडून बघा. हौसेने जमवलेले फाँट, डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, गेमचे सेव्ह हेही यादीत घ्या.

वनड्राइव्ह वापरणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. फाइलच्या नावापुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल मशीनवर नाहीच, फक्त क्लाउडवर आहे. हिरवी खूण असेल तर ती मशीनवर आहे. पण सिंक अडकलेलं असेल, तर जी फाइल फक्त मशीनवर आहे ती क्लाउडवर गेलेलीच नसते. टास्कबारवरच्या वनड्राइव्हच्या चिन्हावर क्लिक करून सिंक पूर्ण झालंय का ते आधी बघा.

कॉपी संपली की बाहेरची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि दहा-बारा फाइली उघडून पाहा. वेगवेगळ्या फोल्डरमधल्या, एखादा मोठा व्हिडिओ धरून. ज्या फाइली गेल्या तर पुन्हा मिळणारच नाहीत, त्यांची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा. ‘डी ड्राइव्हवर टाकलंय सगळं’ हा बॅकअप नव्हे. सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात.

डेटाखेरीज दोन गोष्टी जपायच्या. एक, पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या की, म्हणजे ती चालू करायचे कोड. त्यातली काही ठरावीक मशीनवरच चालतात, तेव्हा पुसण्याआधी त्यांतून ‘साइन आउट’ किंवा ‘डीॲक्टिव्हेट’ करा. दुसरी, बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की. ती ४८ आकडी असते आणि सहसा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये साठवलेली सापडते. डिस्क नुसती पुसायला ती लागत नाही, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं आणि मग ‘राहू दे, आज नको’ म्हणत जुन्या विंडोजकडे परत जायचं ठरवलं, तर मशीन पहिल्यांदा तीच मागू शकतं.

विंडोजची स्वतःची की बहुतेकांना शोधावी लागत नाही. एकदा ॲक्टिव्हेट झालेल्या विंडोज १० किंवा ११ चं डिजिटल लायसन्स त्या मशीनच्या हार्डवेअरशी, मुख्यतः मदरबोर्डशी, जोडलेलं असतं. आपली आवृत्ती होम आहे की प्रो एवढं मात्र लिहून ठेवा.

पेन ड्राइव्ह बनवणे

किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवा, चालवा आणि ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’ निवडा. कुणीतरी पाठवलेली, ‘आधीच ॲक्टिव्हेट केलेली’ विंडोजची फाइल वापरू नका. व्हायरस घालवायला निघालेल्या माणसाने तो अशा फाइलीतून परत घरात आणू नये.

पेन ड्राइव्ह तयार झाला की लॅपटॉपच्या मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर जा आणि वाय-फायचा ड्रायव्हर (तो भाग विंडोजला वापरता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) उतरवून त्याच पेन ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. विंडोज ११ इन्स्टॉल होताना इंटरनेट मागतं. त्या क्षणी वाय-फायच दिसलं नाही तर गाडी तिथेच अडते. ११व्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर असलेल्या अनेक लॅपटॉपवर डिस्कसाठीही वेगळा ड्रायव्हर लागतो. साइटवर तो ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’ किंवा ‘व्हीएमडी’ नावाने असतो. तोही झिप उलगडून ठेवा.

मशीन जुनं असेल तर विंडोज ११ त्यावर बसेल का तेही बघा. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही किमान अट आहे, शिवाय प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एवीतेवी डिस्क पुसतोच आहोत, तर अशा मशीनवर पुन्हा विंडोज १० घालण्यापेक्षा लिनक्स टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करणे

चार्जर लावा. बॅकअपची डिस्क काढा. ती नुसती ‘इजेक्ट’ करून भागणार नाही, वायरसकट बाजूला ठेवा. डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क असतील तर मशीन पूर्ण बंद करून नको असलेल्या डिस्कची केबल काढणं सगळ्यात सुरक्षित. चुकीची डिस्क पुसली जाण्याची शक्यता एवढ्यानेच संपते.

आता मशीन सुरू होताना बूट मेनूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते निवडायच्या यादीची, कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच मशीनवर एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. कळ लागतच नसेल तर विंडोजमधून शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा. निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ येईल, तिथे पेन ड्राइव्ह निवडा. मेनूत पेन ड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं तर ‘यूईएफआय’ असा उल्लेख असलेलं घ्या.

डिस्क पुसण्याचा पडदा

भाषा आणि कीबोर्ड निवडून पुढे गेलात की नव्या इन्स्टॉलरमध्ये ‘फाइली, ॲप आणि सेटिंग्ज सगळं पुसलं जाईल हे मला मान्य आहे’ अशा अर्थाच्या ओळीपुढे खूण करावी लागते. की विचारली तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ या अर्थाचा पर्याय घ्या. आवृत्ती विचारली तर पूर्वीचीच सांगा.

मग येते पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या भागांची, यादी. इथे चहा बाजूला ठेवून नीट वाचा. यादीत ‘डिस्क ०’च्या पुढे चार-पाच ओळी असतात: १०० एमबीच्या आसपासचं ‘सिस्टिम’, १६ एमबीचं ‘एमएसआर’, मग विंडोजचं मोठं पार्टिशन, शेवटी काहीशे एमबीचं ‘रिकव्हरी’. डिस्कचे आकडे खोक्यावरच्या आकड्यांशी जुळणार नाहीत, कारण कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. १ टीबीची डिस्क इथे ९३१ जीबी दिसते, ५१२ ची ४७६ आणि २५६ ची २३८. साधारण १५ जीबीची ‘डिस्क १’ दिसली तर तो बहुधा तुमचाच १६ जीबीचा पेन ड्राइव्ह आहे. त्याला हात लावू नका.

डिस्क ओळखली की तिच्यावरची पार्टिशन एकेक करून ‘डिलीट’ करा, शेवटी ‘अनअलोकेटेड स्पेस’ अशी एकच ओळ उरेपर्यंत. हाताने नवं पार्टिशन बनवू नका, फॉरमॅटही करू नका. ती ओळ निवडून ‘नेक्स्ट’ दाबा, बाकीची पार्टिशन विंडोज स्वतः पाडतं. फक्त सी पुसून डी तसाच ठेवायचा असेल तर डीच्या ओळीला धक्का लावू नका, पण बॅकअप तेव्हाही घेतलेलाच हवा.

यादी रिकामीच दिसली तर घाबरू नका. ‘लोड ड्रायव्हर’ दाबून मघाशी ठेवलेला डिस्कचा ड्रायव्हर दाखवा. डिस्क एमबीआर पद्धतीची (पार्टिशनच्या नोंदी ठेवायची जुनी पद्धत) आहे म्हणून इन्स्टॉल होत नाही असा संदेश आला, तर वरच्याप्रमाणे सगळी पार्टिशन काढली की प्रश्न बहुधा सुटतो. नाहीच सुटला तर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडा. इंग्रजी अक्षरांत ‘डिस्कपार्ट’, ‘लिस्ट डिस्क’, मग आकार बघून ‘सिलेक्ट डिस्क ०’ आणि ‘क्लीन’ अशा आज्ञा एकामागून एक द्या. ‘क्लीन’ खात्री विचारत नाही; एंटर दाबलं की संपलं.

फाइली कॉपी होऊन मशीन स्वतःहून रीस्टार्ट होईल. त्या वेळी ‘कोणतीही कळ दाबा’ असं पुन्हा आलं तर काहीही दाबू नका, नाहीतर इन्स्टॉलर पहिल्यापासून सुरू होईल.

मशीन दुसऱ्याला द्यायचं असेल तर

पार्टिशन काढल्याने फक्त कुठे काय आहे याच्या नोंदी जातात. फिरत्या हार्ड डिस्कवर जुना डेटा तसाच असतो आणि रिकव्हरीचं साधं सॉफ्टवेअरही तो बाहेर काढू शकतं. म्हणून हार्ड डिस्कवर ‘क्लीन’ऐवजी ‘क्लीन ऑल’ आज्ञा द्या. ती डिस्कच्या प्रत्येक सेक्टरवर, म्हणजे छोट्या कप्प्यावर, शून्य लिहिते. १ टीबीला काही तास लागतात. पस्तीस वेळा पुसण्याची पद्धत तुम्ही ऐकली असेल. संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गटमन यांनी ती १९९६ मध्ये तेव्हाच्या डिस्कसाठी मांडली होती. आजच्या हार्ड डिस्कला पूर्ण एक फेरी पुरते.

एसएसडीला मात्र हा उपाय लावू नका. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून एसएसडी डेटा आतल्या आत हलवत असते आणि राखीव जागेपर्यंत बाहेरून लिहिलेलं शून्य पोहोचेलच असं नाही. त्यासाठी डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं किंवा बायोसमधलं ‘सिक्युअर इरेझ’ वापरा. ते मिळालं नाही तर ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘क्लीन डेटा’ चालू करा. आधीपासून बिटलॉकर चालू असेल तर काम आणखी सोपं, कारण की नसताना उरलेला डेटा वाचताच येत नाही.

मॅक आणि लिनक्स

ॲपलची चिप किंवा टी२ चिप असलेल्या मॅकवर माँटेरे किंवा त्यानंतरची मॅकओएस असेल तर ‘इरेझ ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ एवढं पुरतं. ते आयक्लाउडमधून साइन आउट करायला सांगतं, ती पायरी टाळू नका. टाळलीत तर पुढच्या माणसाला मशीन सुरूच करता येणार नाही. जुन्या इंटेल मॅकवर सुरू करताना कमांड आणि आर दाबून ‘रिकव्हरी’त जा, ‘डिस्क युटिलिटी’तून डिस्क पुसा आणि तिथूनच मॅकओएस टाका.

उबुंटूसाठी (लिनक्सचाच एक प्रकार) फाइल उतरवून ‘रुफस’ किंवा ‘बलेनाएचर’ने पेन ड्राइव्ह बनवा. इन्स्टॉल करण्याआधी ‘ट्राय’ निवडून वाय-फाय, आवाज आणि टचपॅड चालतात का ते तपासता येतं, डिस्कला हातही न लावता. ही सोय विंडोजनेही द्यायला हवी होती. समाधान झालं की ‘इरेझ डिस्क’ निवडा.

नवी विंडोज सुरू झाल्यावर

आधी ‘विंडोज अपडेट’ चालवा, बहुतेक ड्रायव्हर त्यातूनच येतात. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पिवळी खूण उरली तर तेवढाच ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या, ड्रायव्हर शोधून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरची गरज नाही. ‘ॲक्टिव्हेशन’च्या पानावर ‘ॲक्टिव्ह’ दिसतंय का बघा. नसेल तर बहुधा होमच्या जागी प्रो पडलं आहे किंवा त्याच्या उलट. त्यानंतरच बॅकअपची डिस्क लावा, व्हायरससाठी ती स्कॅन करा आणि फक्त डेटा परत आणा. जुने सेटअप आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’ तिथेच राहू द्या.

मशीन दुसऱ्याला द्यायचं असेल तर यातलं काहीच करायचं नाही. रीस्टार्टनंतर देश विचारणारा पहिला पडदा आला की पॉवरचं बटण दाबून धरा आणि मशीन बंद करा, पुढचं नवा मालक त्याच्या अकाउंटने करेल. तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधल्या उपकरणांच्या यादीतून तेवढं ते मशीन काढून टाका.