कोडबुक बनवताना रिकामे कोडवर्ड आधी शोधा

इमेज कॉम्प्रेशनचा प्रोजेक्ट करताय ना, मग हे एक नक्की करा. फोटोचे ४×४ चे ब्लॉक पाडले आणि २५६ कोडवर्डचं (म्हणजे नमुन्याच्या ब्लॉकचं) कोडबुक घेऊन प्रत्येक ब्लॉकऐवजी त्याच्या सगळ्यात जवळच्या कोडवर्डचा नंबर ठेवला की १६ पिक्सेलमागे फक्त ८ बिट लागतात, म्हणजे पिक्सेलमागे ८ बिटचा ग्रेस्केल फोटो १६ पट लहान होतो. पण सुरुवातीचे कोडवर्ड रँडम उचलले की काहींच्या वाट्याला एकही ब्लॉक येत नाही, ते नुसते पडून राहतात आणि जागा फुकट जाते. मी नाशिकच्या रामकुंडाच्या फोटोंवर ट्रेन केलं तेव्हा अर्धे कोडवर्ड आभाळ नि पाणी असे सपाट भागच धरून बसले होते, घाटाच्या पायऱ्यांच्या कडा सगळ्या पुसट झालेल्या. म्हणून प्रत्येक फेरीनंतर कुठल्या कोडवर्डला किती ब्लॉक मिळाले ते मोजा, शून्य दिसला की तो काढा आणि ज्या कोडवर्डच्या वाट्याच्या ब्लॉकमध्ये एरर (मूळ ब्लॉकशी फरक) सगळ्यात जास्त आहे त्याचे थोडासा फरक करून दोन करा. १९८० च्या एलबीजी (लिंडे, बुझो, ग्रे या तिघांच्या) कोडबुक बनवायच्या पद्धतीत सुरुवातच अशी एकाचे दोन, दोनाचे चार करत होते, मला तीच जास्त भरवशाची वाटते. आणि ट्रेनिंगला नुसता घाट नको, द्राक्षबाग, पांडवलेणी, मेनरोडची गर्दी, सगळं मिसळा. टेस्टचे फोटो मात्र वेगळेच ठेवा.