बारावीनंतरचा प्रवेश आणि पस्तिशीनंतरचा प्रवेश: या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधीच सांगून टाकतो: बारावी झालेल्या पोराला विचारून मोठ्या माणसानं कॉलेजचा फॉर्म भरणं. भाचा नुकताच प्रवेश घेऊन आलेला असतो, त्याला सगळं माहीत असतं, मग मामीचा फॉर्मही तोच बसल्याबसल्या मोबाइलवर भरून देतो. आणि जुलैअखेरीला मामी माझ्याकडे येतात. सोलापुरात कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या खिडकीमागं नोकरी केली, त्यामुळं निवृत्तीनंतरही हा सीझन काही सुटलेला नाही.

पोराचा प्रवेश टक्क्यांवर आणि तारखांवर ठरतो. त्याचे कागद ताजे असतात, शाळेतला क्लार्क त्याला ओळखत असतो, आधारवर आणि गुणपत्रिकेवर नाव एकच असतं. पस्तिशीतल्या माणसाला साध्या बीएसाठी टक्के फारसं कोणी विचारत नाही. त्याचं घोडं अडतं कागदांपाशी, आणि प्रवेश झाल्यावर हजेरीपाशी. आपल्याकडे मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला वेगळी खिडकी नाही, वेगळा फॉर्म नाही. अठरा वर्षांच्या पोराला समोर ठेवून केलेल्या फॉर्ममध्येच त्याला बसावं लागतं.

जुना अर्धवट प्रवेश लपवणं

‘बारावीनंतर काय केलं?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘काय नाही ओ सर, कामाला लागलो.’ जरा खोदलं की एफवायचे, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाचे, चार महिने निघतात. लोकांना वाटतं, परीक्षाच दिली नाही तर तो प्रवेश कसला? पण नोंद झालेली असते, आणि तुमचा बारावीचं कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला त्या कॉलेजच्या कपाटात पडलेला असतो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर असलेले एक गृहस्थ. बारावी २००१ सालची. एफवाय बीकॉमला नाव घातलं, वडील वारले, दिवाळीनंतर कॉलेज सुटलं ते सुटलंच. आता बढतीसाठी पदवी हवी होती. कोर्टाबाहेर टायपिंग करणाऱ्याकडं तयार मजकूर असतोच, त्यानं गॅपच्या, म्हणजे शिक्षणात पडलेल्या खंडाच्या, प्रतिज्ञापत्रात ठोकून दिलं की ‘बारावीनंतर आजपर्यंत मी कोठेही प्रवेश घेतलेला नाही’. यांनी न वाचता सही केली. मग ज्युनिअर कॉलेजकडं दाखला मागायला गेले. तिथं रजिस्टर उघडलं तर मूळ दाखला २००१ सालीच दिलेला, समोर यांचीच सही. दुय्यम प्रत मिळाली, तिच्यावर तसा शिक्का. नव्या कॉलेजच्या खिडकीवर पहिला प्रश्न तोच आला: मूळ कुठं आहे?

आता गंमत बघा. आपल्या जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ झालं २००४ साली. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे यांचं कॉलेज सोलापुरात, घरापासून सायकलच्या अंतरावर, पण नोंद कोल्हापूरची. आधी जुन्या कॉलेजचा सोडल्याचा दाखला, त्यावर कोल्हापूरचं मायग्रेशन, म्हणजे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याचा दाखला, मग इथल्या विद्यापीठाची पात्रता. शिवाय प्रतिज्ञापत्र खोटं ठरलेलं, ते नव्यानं. एवढं होईपर्यंत प्रवेशाची मुदत संपली आणि वर्ष गेलं. हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये आरामात झालं असतं. त्यांनी फक्त ‘चार महिने गेलो होतो’ एवढं पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

माझा क्रम ठरलेला आहे. मोठ्या वयाचा माणूस आला की फॉर्मला हात लावू देत नाही. एका कोऱ्या कागदावर दहावीपासूनची सालं लिहायला लावतो. कुठं नाव घातलं, कुठं सोडलं. २००४ च्या अलीकडं-पलीकडं कुठं येतं ते बघतो. पहिली चक्कर जुन्या कॉलेजची, नव्याची नंतर. गॅपच्या प्रतिज्ञापत्रात कौटुंबिक कहाणी लिहू नका, ती कोणी वाचत नाही. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत शिक्षण बंद होतं, त्या काळात प्रवेश घेतला होता की नव्हता, संपलं. शाळाच बंद पडली असेल तर तिची रजिस्टरं कुठं गेली हे जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात विचारा. दहावी-बारावीची गुणपत्रिका हरवली असेल तर सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळाखाली येतो, अर्ज तिकडचा.

नाव एकीकडं, ओटीपी दुसरीकडं

हा घोळ बायकांच्या वाट्याला जास्त येतो आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. साखर पेठेतल्या एक अक्का, विड्या वळतात, बारावी झालेली, मुक्त विद्यापीठातून बीए करायचं मनात होतं. फॉर्म पुतण्यानं भरला होता.

‘अक्का, गुणपत्रिकेवर नाव काय आहे?’

‘ते माहेरचं की ओ.’

‘आणि आधारवर?’

‘ह्यांचं.’

‘आधारला मोबाइल कुठला?’

‘ह्यांचा जुना. रिचार्ज नाही म्हणून बंद पडला.’

झालं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाला काय किंवा दुसऱ्या कुठल्या दूरशिक्षणाला काय, हल्ली यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) डीईबी आयडी, म्हणजे दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक, लागतो. त्यासाठी आधी एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याची शैक्षणिक क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक, लागतो. तो डिजीलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या ॲपमधून निघतो, डिजीलॉकर आधारचं नाव उचलतं, आणि ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरावर. नंबर बंद असला की अख्खी साखळी तिथंच तुटते. पुतण्यानं काय केलं, तर स्वतःचा नंबर टाकून, सासरचं नाव लिहून फॉर्म पुढं ढकलला. अभ्यासकेंद्रावर पडताळणीत गुणपत्रिकेशी नाव जुळलं नाही आणि अर्ज परत आला. पोराचं काही अडलं नव्हतं, कारण त्याच्या आधारला त्याचाच नंबर आणि सगळीकडं एकच नाव. घाईनं भरलेला फॉर्म दुरुस्त करायला दुप्पट वेळ जातो हे या पोरांना कोण सांगणार!

अक्कांना मी आधी आधार केंद्रावर पाठवलं, नंबर बदलून घ्यायला. दुसरी गोष्ट, माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा एक सरकारी कागद: विवाह नोंदणीचा दाखला, नाहीतर राजपत्रात छापून आलेला नावातला बदल. लग्नाची नोंदणी केलेलीच नसेल तर ती आता करा. तिसरं, फॉर्मवर कुठलं नाव लावायचं हे केंद्रावर विचारून मगच लिहायचं. माझं मत विचाराल तर शिक्षण गुणपत्रिकेवरच्या नावानं चालू ठेवावं, म्हणजे दहावीपासून पदवीपर्यंत नावाचा एकच धागा राहतो.

शहराच्या पूर्व भागातल्या घरांत तर आडनावाचंही स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं असतं, एक अक्षर इकडं, एक तिकडं. ते पुरुषांनीही तपासावं.

हजेरीचा हिशेब न करणं

नोकरी असलेली माणसं हौसेनं रेग्युलर कॉलेजात नाव घालतात, कारण ‘मुक्तच्या पदवीला किंमत नाही’ असं कोणीतरी सांगितलेलं असतं. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी रेग्युलरच्या बरोबरीची धरावी, हे यूजीसीनं २०२२ साली पुन्हा स्पष्ट केलंय. रेग्युलरला ७५ टक्के हजेरी, अंतर्गत गुण, प्रात्यक्षिकं. शिफ्टची ड्युटी करून हे कसं जमणार, हे फी भरण्याआधी घरात बसून बघा. उलट कायदा, इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग यांच्या पदव्या घरबसल्या मिळत नाहीत. त्या ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला दारातच उभा करा. ‘एका वर्षात पदवी, मागच्या तारखेची गुणपत्रिका’ म्हणणाऱ्याबद्दल तर मी बोलतच नाही. तरी दरवर्षी कोणीतरी पैसे घालवून येतंच.

वयाची धास्ती

बीए-बीकॉमला वरची वयोमर्यादा नाही. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची, नीटची, होती, ती २०२२ मध्ये गेली. तीन वर्षांच्या एलएलबीच्या प्रवेशपरीक्षेला, सीईटीलाही, नाही. वयाचं कारण सांगून कोणी परत पाठवलं तर नियम कुठं लिहिलाय ते दाखवा म्हणा.

फक्त दहावी झालेल्यांनी

बारावीला बाहेरून बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेसाठी तो आदल्या पावसाळ्यातच भरावा लागतो. डिसेंबरात येऊन हात जोडू नका. दोन वर्षांचा आयटीआय झाला असेल तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे, तो बहुतेकांना ठाऊकच नसतो.

आता बारावीच्या पोरांसाठी, थोडक्यात

पसंतीक्रमात पहिलं कॉलेज मित्राला विचारून टाकू नका. कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, पहिली पसंती लागली की ती घ्यावीच लागते. फॉर्म भरून लॉक न करता झोपी जाणारे दरवर्षी निघतात. राखीव जागेसाठी लागणारं नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र ३१ मार्चला संपलेलं असतं आणि ते जुलैत लक्षात येतं, तेव्हा तहसीलला रांग असते. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत असतानाच टाका. मूळ दाखला एका कॉलेजात देऊन दुसऱ्याची वाट बघत बसायचं असेल, तर तो परत मिळायला किती दिवस लागतील हे देतानाच विचारा.

उत्पन्न, जात, रहिवासी दाखल्याच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, लहानमोठ्या सगळ्यांना. तरी स्टँप पेपर घ्यायला लावणारे भेटतात. आणि प्रत्येक मूळ कागद देताना त्याची पोच घ्या, झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही.