अमेरिकेत धाडलेले ब्रिटिश कैदी: अभ्यास करताना या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक म्हणजे अंदमानचे चित्र मनात ठेवून हा विषय वाचणे. अंदमानात सरकारी वसाहत होती, पुढे सेल्युलर जेल आला. अमेरिकेत कैद्यांसाठी असा तुरुंग नव्हताच. १७१८ च्या हद्दपारीच्या कायद्यानंतर कैदी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिला जाई. व्यापारी त्याला मेरीलँड किंवा व्हर्जिनियात नेऊन उरलेल्या मुदतीची त्याची मजुरी विकत असे. साध्या गुन्ह्याला सात वर्षे, फाशी माफ झालेल्याला बहुधा चौदा. मुदतीआधी परतल्यास फाशी. १७७५ पर्यंत ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे ५०,००० माणसे अशी गेली.

त्यांना करारबद्ध नोकरांत मिसळू नका, कारण त्यांनी करारावर सही केलेली नव्हती. गुलामही म्हणू नका. मुदत संपली की कैदी सुटे आणि त्याची अवस्था मुलांच्या माथी येत नसे. आफ्रिकी गुलामांना यातले काहीच नव्हते.

दुसरी चूक नफ्याच्या हिशेबात होते. जोनाथन फॉरवर्ड या लंडनच्या व्यापाऱ्याला सुरुवातीला न्यूगेट या लंडनच्या तुरुंगातल्या कैद्यामागे सरकारकडून ३ पौंड अनुदान मिळे, १७२७ पासून ५. तेवढ्यावर नफा मोजला तर गणित चुकते, कारण विक्रीचे पैसे वेगळे आणि परतीच्या फेरीत भरलेला तंबाखूही वेगळा. सरसकट एकच भाव धरणेही चूक. शेवटचा ठेकेदार डंकन कॅम्पबेल याने १७७९ मध्ये संसदेच्या समितीपुढे सांगितलेले भाव पाहा: साधा पुरुष १० पौंड, बाई ८ ते ९, सुतार-लोहार १५ ते २५. म्हाताऱ्या, आजारी माणसांपैकी काहींना तर पदरचे पैसे देऊन खपवावे लागले, असेही तो सांगतो. माणसाची किंमत अशी हातातल्या कसबावर आणि अंगातल्या ताकदीवर ठरत होती, हे वाचताना नजरेआड होऊ देऊ नये. वाटेत देवीच्या रोगाने आणि तुरुंगतापाने (टायफसने) मेलेल्यांचा तोटाही याच हिशेबात धरायचा.

एखाद्या कैद्याचे नाव शोधताना शिक्षेची नोंद मिळाली की लोक थांबतात. शिक्षा झाली म्हणजे माणूस अमेरिकेत पोहोचला, असे नाही. कुणाची शिक्षा मागाहून बदलली, कुणी तुरुंगातच दगावला, कुणी समुद्रात. क्रम असा ठेवा: खटला, हद्दपारीचा हुकूम, जहाजावर चढवल्याची यादी, उतरवल्याचा दाखला. व्यापाऱ्याने कैदी पोहोचवण्याचे हमीपत्र दिलेले असे, म्हणून तिथला गव्हर्नर किंवा जकात अधिकारी यांचा दाखला त्याला परत आणावाच लागे. तो सापडला तर पुरावा पक्का. सरकारी खजिन्याच्या यादीत नाव नसेल तर गडबडू नका. अनुदान लंडन आणि आसपासच्या परगण्यांपुरतेच होते आणि तेही १७७२ मध्ये बंद झाले. ब्रिस्टलहून गेलेला माणूस त्या यादीत बहुधा सापडणार नाही. तिथे स्थानिक न्यायालयाचे दप्तर पाहावे लागते.

तारखाही तपासा. १७५२ पूर्वी इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. कागदावर फेब्रुवारी १७२६ असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२७. टिपण करताना १७२६/२७ असे लिहा, नाहीतर जहाज शिक्षेच्या आधीच निघालेले दिसेल.

जॉर्जिया ही कैद्यांची वसाहत होती, हा समजही सोडा. बहुतेक कैदी चेसापीकच्या किनाऱ्यावर, म्हणजे मेरीलँड-व्हर्जिनियाच्या उपसागरात उतरले. ऑस्ट्रेलिया तर नंतरचा. अमेरिकेतल्या युद्धाने ही वाट बंद झाल्यावर १७७६ पासून कैदी थेम्समधल्या जुन्या गलबतांवर कोंडले गेले. त्या गलबतांचा ठेकाही कॅम्पबेलकडेच होता. ऑस्ट्रेलियात पहिला ताफा पोहोचला तो १७८८ मध्ये.