किडनीच्या फाईलवर काय लिहायचं

मिरजेत डायलिसिसच्या कामात असल्यामुळे रोज दुसऱ्यांनी लिहिलेल्या फायली वाचते. डिस्चार्ज कार्ड भरणाऱ्या सिस्टर, लॅबवाले आणि आशाताई यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी 'रीनल', 'नेफ्रो' बाजूला ठेवा आणि सगळीकडे 'किडनी' लिहा. केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2019 साली ॲमस्टरडॅमला परिषद घेऊन तेच सुचवलंय. 'नेफ्रोटिक सिंड्रोम'सारखी ठरलेली नावं तेवढी राहू द्या. 'मूत्रपिंड' बरोबर आहे, पण आमच्याकडे पुष्कळ जण ते ऐकून लघवीच्या पिशवीवर हात ठेवतात.

जतहून आलेल्या एका 61 वर्षांच्या अण्णांच्या सोनोग्राफीवर होतं 'मेडिकल रीनल डिसीज', कार्डावर 'सीआरएफ' आणि तिसऱ्या चिठ्ठीवर 'नेफ्रोपॅथी'. मुलगा विचारत होता, "सिस्टर, तीन-तीन आजार झालेत का?" आजार एकच होता, तोही बऱ्याच वर्षांच्या शुगरमुळे.

नाव लिहिण्याआधी जुना रिपोर्ट मागा. बिघाड 3 महिन्यांहून जास्त टिकला असेल तरच 'दीर्घकालीन किडनी आजार' म्हणा. ऊसतोडीत उन्हाने किंवा जुलाबाने पाणी कमी पडून क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनी गाळून काढते) 48 तासांत 0.3 ने किंवा 7 दिवसांत दीडपट वाढलं, तर तो 'अचानक झालेला किडनी बिघाड'. असा माणूस पुष्कळदा पूर्ण बरा होतो. त्याच्या फाईलवर 'सीकेडी', म्हणजे दीर्घकालीन किडनी आजार, असं पडलं, की ते पुढच्या प्रत्येक कार्डावर उतरवलं जातं, म्हणून इथे घाई नको.

मग कारण, जी (किडनी किती गाळते त्याची पायरी) आणि ए (लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती जातं त्याची पायरी), या क्रमाने लिहा. अण्णांचं क्रिएटिनिन 1.9, म्हणजे 2021 च्या सूत्राने ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) सुमारे 40. 30 ते 44 म्हणजे जी3बी. लघवीचा एसीआर (अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण) 420. 300 च्या वर ए3. म्हणून एकच ओळ: 'मधुमेहामुळे दीर्घकालीन किडनी आजार, जी3बी, ए3'. खाली तारीख.

'मायक्रोअल्ब्युमिन' लिहू नका. मायक्रो म्हणजे किरकोळ असं समजून माणूस गोळ्या सोडतो. एसीआर 30 ते 300 असेल तर ए2 आणि शेजारी आकडा लिहा.

'किडनी फेल' हा शब्द सगळ्यात जपून वापरायचा. ईजीएफआर 15 च्या खाली टिकून असेल किंवा डायलिसिस कायमचं सुरू असेल, तरच 'किडनी निकामी'. जी3बी असलेल्या माणसाला 'फेल' सांगितलं, की घरात रडारड होते, रान विकायची भाषा निघते आणि कुणीतरी झाडपाल्याच्या औषधाचा पत्ता आणून देतो. बीपी-शुगर सांभाळून त्याची बरीच वर्षं डायलिसिसशिवाय जाऊ शकतात, हे त्याला त्याच दिवशी सांगायला हवं. 'शेवटची स्टेज' तर लिहूच नका. आमच्याकडे वर्षानुवर्षं डायलिसिस घेत दुकान चालवणारी माणसं आहेत. त्यांच्या कार्डावर 'किडनी निकामी, जी5, डायलिसिसवर' एवढं पुरतं.

लॅबवाल्यांनो, नुसतं क्रिएटिनिन छापू नका. शेजारी ईजीएफआर आणि एसीआरचं एकक द्या. एकक बदललं की आकडे बदलतात, आणि मिलीग्रॅम प्रति ग्रॅममधले 30 हे मिलीग्रॅम प्रति मिलीमोलमध्ये साधारण 3 होतात.