या चुका टाळा: स्पॅनिश सबजंक्टिव्हची रूपं बनवताना कुठे घसरतं

लातूरला मी संध्याकाळी ऑनलाइन स्पॅनिश शिकवतो. बी-१, म्हणजे मधली पातळी सुरू झाली, सबजंक्टिव्ह आला, की गुणी पोरांचेही चेहरे पडतात. खरं तर हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही. 'पाऊस पडो', 'त्याने यावं', 'देव भलं करो' हे आपण रोज बोलतो. घडलेलं सांगायचं नसतं, हवंसं किंवा नकोसं सांगायचं असतं, तेव्हा क्रियापद वेगळा वेष घेतं, इतकंच. घोळ होतो तो रूप बनवताना.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मूळ धातूवरून सुरुवात करणं. ही मी स्वतः केली आहे, तीही मुलाखतीत. एका कंपनीच्या फोनवरच्या चाचणीत 'तुमचा दिवस चांगला जावो' या अर्थाचं वाक्य म्हणायचं होतं. धातू 'तेनेर' (जवळ असणं), शेपूट काढलं, 'आ' लावला आणि ठोकून दिलं: 'तेना'. पलीकडे क्षणभर शांतता. असं रूपच भाषेत नाही. सुरुवात करायची ती वर्तमानकाळातल्या 'मी'च्या रूपापासून. मी म्हणजे 'यो', यो तेंगो. शेवटचा 'ओ' काढा, राहिलं 'तेंग', त्याला 'आ' लावा: तेंगा. आगो, आगा. दीगो, दीगा. सालगो, सालगा. कोनोस्को, कोनोस्का. धातू आसेर आहे, देसीर आहे, याची आठवणसुद्धा काढायची नाही. वहीत धातूंची यादी करणाऱ्यांना मी ती खोडायला लावतो आणि 'मी'च्या रूपांची करायला सांगतो. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

शेवटचा स्वर फुगडीतल्या पोरींसारखा जागा बदलतो. ज्यांचा धातू 'आर'वर संपतो त्या 'आर'वाल्यांना 'ए' मिळतो (आब्लो, आब्ले), 'एर' आणि 'ईर'वाल्यांना 'आ' (कोमो, कोमा, बीबो, बीबा). हे सगळ्यांना पाठ असतं, तरी बोलताना 'आर'वाल्याला 'आ'च राहतो, कारण जीभ सवयीची गुलाम. त्यावर बोलून बोलूनच उपाय होतो.

आता जी चूक खास आपल्याकडची, तिच्याकडे येतो. आपली पोरं उच्चार देवनागरीत लिहून ठेवतात. एका विद्यार्थिनीने रोमन लिपीत 'बुस्के' चुकीचं लिहिलं. मी लाल गोल केला, तर म्हणाली, "सर, देवनागरीत तर बरोबरच दिसायलंय की!" बरोबरच होतं तिचं. बुस्को, बुस्के: आपल्या लिपीत काहीच बिघडत नाही. पण स्पॅनिश लेखनात 'सी' या अक्षरापुढे 'ए' आला की 'क'चा 'स' होतो, म्हणून 'सी'ऐवजी 'क्यू' आणि 'यू' लिहावे लागतात. 'जी'पुढे 'ए' आला की 'ग'चा 'ख' होतो, म्हणून मध्ये एक मुका 'यू' घालायचा. 'झेड'च्या जागी 'सी' येतो. पागार हा धातू घ्या, पैसे देणं. हो, आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आलेला याच घराण्यातला शब्द आहे. पागो, पागे, पण 'पागे' लिहिताना तो मुका 'यू' विसरलात तर वाचणारा 'पाखे' वाचेल. सबजंक्टिव्हची वही तरी रोमन लिपीतच ठेवा. देवनागरी ही चूक झाकते. आघाताची खूणही ती गिळते: 'दे' (द्यावं) वर खूण हवी, नाहीतर तो 'चा-ची-चे' वाला 'दे' होतो.

काही धातूंचा पोटातला स्वर फुटतो. पिएन्सो, पिएन्से, पण 'आम्ही'ला पेन्सेमोस, तिथे फुटत नाही. 'ईर'वाले मात्र 'आम्ही'लाही गप्प बसत नाहीत: दुएर्मो, दुएर्मा, पण दुर्मामोस. सिएन्तो, सिएन्ता, पण सिन्तामोस. 'दोर्मामोस' म्हटलं की चूक.

सहा क्रियापदांचं 'मी'चं रूप साध्या 'ओ'वर संपत नाही, म्हणून नियम त्यांना लागत नाही: सोय, एस्तोय, दोय, बोय, ए, से. त्यांची रूपं अनुक्रमे सेआ, एस्ते, दे, बाया, आया, सेपा. पाठ करा, दुसरा मार्ग नाही.

रूप जमलं तरी ते कुठे घालायचं यात मराठी दगा देते. 'पाऊस आला की पेरणी करू.' आपण भविष्यातली गोष्ट सांगतो आणि क्रियापद मात्र भूतकाळी, 'आला'. पोरं इमानदारीने स्पॅनिशमध्येही भूतकाळ घालतात. पण अजून न आलेल्या पावसाला तिथे सबजंक्टिव्हच लागतो: क्वांदो युएबा, सेम्ब्रारेमोस. (पावसाला 'मी' नसतो, म्हणून इथे 'युएबे'वरून रूप घ्यायचं.) तसंच 'तो येईल अशी आशा आहे'. आपला भविष्यकाळ, त्यांचा सबजंक्टिव्ह: एस्पेरो के बेंगा. उलट 'मला जायचंय' आणि 'त्याने जावं असं वाटतं' हा फरक मराठी आधीच करते, तो तसाच उचला: किएरो ईर, किएरो के बाया. इच्छा करणारा आणि जाणारा एकच असेल तर 'के' घालूच नका.

'ओखाला' हा शब्द मी लवकर शिकवतो. 'देवाच्या मनात असेल तर' या अर्थाच्या अरबी बोलापासून तो आलाय. शेजारीपाजारी रोज 'इन्शाअल्ला' ऐकत वाढलेल्या मराठवाड्यातल्या पोरांना तो एका दमात कळतो. ओखाला युएबा: पाऊस पडो. जूनमध्ये हे वाक्य कुणाला घोकावं लागत नाही.

भूतकाळी सबजंक्टिव्हला 'मी' सोडा, 'ते'चं (अनेकवचनी) भूतकाळी रूप धरा. तुबिएरोन, 'रोन' काढा, 'रा' लावा: तुबिएरा. फुएरोन, फुएरा. दिखेरोन, दिखेरा, इथे 'दिखिएरा' करणारे फार.

आणि जर-तर. 'पाऊस पडला असता तर पेरलं असतं': मराठीत दोन्हीकडे 'असतं' येतं, म्हणून पोरं स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे 'आब्रिया' ठेवतात. ते 'जर'च्या बाजूला चालत नाही. तिथे 'उबिएरा' हवं: सी उबिएरा योबीदो, आब्रियामोस सेम्ब्रादो. आपल्यासारखी दोन्हीकडे जोडी जमवायचीच असेल, तर दोन्हीकडे 'उबिएरा'ची जमवा. ते स्पॅनिशमध्ये चालतं.